आहुप्याचे पाणी

तव्यावर खाखरा ठेवून फडक्याच्या बोळ्याने तो फिरवत दाबला, की आधी गव्हाचा वास सुटतो, मग तुपाचा, आणि कडा तांबूस होऊ लागल्या की अगदी शेवटी मेथीचा. हा क्रम मला तुम्ही शिकवलात, बाई. "मेथी बोलली की उतरव," असे तुम्ही म्हणायचात. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, तेव्हा परवा सकाळी मी पुन्हा खाखरे भाजायला घेतले, आणि पहिले चार करपले.

जैन स्थानकातल्या शोकसभेत तुमच्याबद्दल बोलायला उठलेल्या प्रत्येकाने तुमच्या उपवासांची, तुमच्या देण्याघेण्याची आठवण काढली. तुमच्या चालण्याबद्दल कोणी बोलले नाही. माझ्याकडेही दोनदा पाहिले गेले. मी उठले नाही. जे मला बोलायचे होते ते सभेत बोलण्यासारखे नव्हते, आणि जिला ते ऐकवायचे ती सभेत नव्हती.

सात वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली ती गोष्ट. तुमची नात रिद्धी नऊ वर्षांची होती आणि तिला पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरात चालायचे होते. अभयने, तुमच्या मुलाने, भांड्यांच्या दुकानाला दोन दिवस कुलूप लावायचे कबूल केले. डिंभ्याच्या धरणाच्या कडेने, घोड नदीच्या खोऱ्यातून चढत दुसऱ्या संध्याकाळी आहुपे गाठायचे, आणि तिसऱ्या सकाळी एस.टी.ने मंचरला परत यायचे, एवढा बेत होता. तुम्ही घरी राहाल हे आम्ही गृहीतच धरले होते. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "माझी पिशवी कोणती?"

अभय हसला. "बाई, चालायचंय. दोन दिवस."

"जुन्नर ते संगमनेर साध्वी महासतीजींच्या विहारात चाललेय मी. अनवाणी. तू बूट घालून ये, म्हणजे माझ्या मागे राहशील."

सामानाची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. का घेतली, ते तेव्हा नीट उमगले नव्हते, आता उमगते. मी लोणीच्या मेंढपाळाची मुलगी. माझे आजोबा वर्षातले आठ महिने मेंढरांमागे चालत, आणि माझे वडील, तात्या, अजून चाळीस मेंढरे राखतात. कॉलेजात भेटलेल्या मुलाशी लग्न करून मी तुमच्या घरात आले तेव्हा दोन्ही घरांनी मान डोलावली नव्हती. घरात पाऊल टाकल्यापासून मी तुमचे हात पाहून पाहून शिकत आले होते. पाणी कसे गाळायचे, कोणत्या तिथीला कोणती भाजी चालत नाही, दिवस मावळायच्या किती आधी ताट वाढायचे. पाहिले आणि तसे केले. तोंडाने कधी काही विचारले नाही. विचारले की परकेपणा उघडा पडतो, असे मला वाटत असे. स्थानकातल्या बायका माझ्याशी गोड बोलत, पण पंगतीचे वाढप माझ्या हाती येत नसे. या सहलीत मात्र कोणाचे पाहून शिकायचे नव्हते. इथे मी जाणती असणार होते.

म्हणून मी याद्या केल्या. गुंडाळून ठेवता येणारे बिछाने मागवले, लवकर वाळणारे पंचे मागवले, तळहातावर मावणारा गॅसचा स्टोव्ह मागवला. तुम्ही त्यांतले काहीच न पाहता एका रविवारी लोणीला गेलात आणि तात्यांच्या ओट्यावर बसलात. मी शेजारी उभी होते, अवघडून.

"इहीणबाई, त्या गुंडाळीच्या बिछान्याचं काय खरं न्हाई," तात्या म्हणाले. "घोंगडं घ्या. हातराय तेच, पांघराय तेच, डोईवर वझं घ्यायचं तर चुंबळ तेच."

"आणि पाऊस आला तर?"

"त्याचीच खोळ करायची. लई भिजलं की जड व्हतं, येवढंच."

"किती जड?"

"सुनंच्या रागायेवढं."

तुम्ही पदर तोंडाला लावून किती वेळ हसलात. मग तुम्ही त्यांना विचारत राहिलात: पाठीवरचे ओझे कुठे टेकले म्हणजे कमरेला लागत नाही, उतरणीला पाय कसा टाकायचा, मेंढरांमागे चालताना जेवण कशात बांधून न्यायचे. तात्या उत्तरे देताना ताठ बसले होते. त्यांच्या चालण्याविषयी इतक्या आदराने कोणी काही विचारले असेल असे मला वाटत नाही. मी तर नव्हतेच विचारले. त्या दिवशी तुम्ही घोंगडी घेऊन आलात. तिला मेंढराचा, धुराचा आणि उन्हाचा वास होता. माझ्या लहानपणाचा तो वास. मंचरच्या घरात तो तुमच्या खोलीतून येऊ लागला, तेव्हा मला लाज वाटली आणि बरेही वाटले.

निघण्याच्या आदल्या दुपारी अभयने दुकानातून चार पुडांचा स्टीलचा डबा, दोन पातेली आणि झाकणाच्या वाट्या आणल्या. तुम्ही त्या मांडामांडीकडे पाहिलेत. "दुकान चालायला निघालंय का?" सगळे परत गेले, एक ॲल्युमिनियमचे पातेले तेवढे राहिले. तुम्ही जुन्या मलमलीच्या पोटल्या शिवल्या होत्या. एका पोटलीत एका माणसाचे एका वेळचे जेवण: पहिल्या दिवसासाठी दशम्या, पुढे खाखरे, गुळाचा खडा, भाजलेल्या मुगाचे पीठ, थोडे लोणचे द्रोणात बांधून. आधी खायचे ते वर, नंतरचे खाली. "खाल्लं की वजन उतरलं पाहिजे," तुम्ही म्हणालात. "डबा रिकामा झाला तरी डबाच राहतो." मग चौघांनी भरलेल्या पिशव्या पाठीला लावून माडीच्या जिन्यावरून तीन तीन फेऱ्या मारायच्या, हा तुमचा हुकूम. दुसऱ्या फेरीनंतर माझ्या पिशवीतून दोन पुस्तके, जादा स्वेटर आणि पंचे बाहेर आले. मी रुसले होते. तुम्ही ते पाहिलेत.

स्टोव्हवरून मात्र आपले वाजले. तुमचे दोन नेम होते, हे मुलूखभर ठाऊक होते. दिवस मावळला की अन्नपाणी बंद, ते दुसऱ्या दिवशी सूर्य वर येऊन दोन घटका होईपर्यंत. आणि पाणी प्यायचे ते पक्के, म्हणजे गाळून उकळलेले; झऱ्याचे, नळाचे, विहिरीचे कच्चे पाणी तुम्ही जिभेला लावत नव्हता. त्या नेमाची सारी भिस्त माझ्या त्या तळहाताएवढ्या स्टोव्हवर होती.

"घरी एकदा पेटवून बघ, बिंदणी." बिंदणी म्हणजे सून, मला तुम्ही नावाने क्वचितच हाक मारलीत.

"नवा आहे, बाई. त्याला काय होणार?"

"नवा आहे म्हणूनच म्हणते."

"गॅस फुकट जाईल. तेवढाच डबा आहे."

तुम्ही दोनदा म्हणालात. तिसऱ्यांदा तोंड उघडलेत आणि मिटलेत. त्या मिटलेल्या तोंडाचा अर्थ मला सात वर्षे चुकीचा लागत होता.

पहिला दिवस सुरळीत गेला. साडेचारला तुम्ही थांबायला लावलेत, तेव्हा अभय कुरकुरला, अजून तासभर चालता येईल म्हणाला. पण उजेडात जागा झाडून झाली, पोटल्या सुटल्या, पाय धुऊन झाले, आणि दिवस मावळला तेव्हा आपल्याला करायचे काही उरले नव्हते. डोंगरात चालणाऱ्या कोणालाही मी आज हेच सांगेन, त्याचा धर्म कोणताही असो. मुक्काम शाळेच्या पडवीत होता. शेजारच्या घरातल्या बाईंनी पाणी उकळायला चूल दिली, दुसऱ्या पहाटेही दिली. त्यामुळे स्टोव्ह पिशवीतच राहिला. निघताना त्या बाई म्हणाल्या, "आहुप्याच्या देवराईत जाताय तर जा. पण काडी उचलू नका. वाळकी पडलेली पण न्हाई. देवाची हाय ती." तुम्ही लगेच हात जोडलेत. हिरवे पान न तोडणाऱ्या तुम्ही; तुम्हाला तो नियम माहेरचा वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी रिद्धीच्या टाचेला फोड आला. बूट नवे होते, तेही मीच आणले होते आणि घालून मुरवले नव्हते. तुम्ही तिला दगडावर बसवलेत, पाणी गाळायच्या जादा फडक्याची पट्टी फाडलीत, तुमच्या बाटलीतल्या पक्क्या पाण्याने जखम धुतलीत. "कच्च्या पाण्याने नको, पिकेल," म्हणालात. मग रडून तहानलेल्या तिला त्याच बाटलीतून पाजलेत. दुपारपर्यंत तुमची बाटली कोरडी झाली, आणि हे तुम्ही कोणाला सांगितले नाहीत. मला ते तुमच्या ओठांवरून कळले. ओठ पांढुरके पडले होते, आणि बोलताना जीभ टाळूला चिकटल्याचा बारीक आवाज येत होता.

रिद्धीच्या पावलाने चालत आपण देवराईशी पोहोचलो, तेव्हा दिवस मावळायला तासभर राहिला होता. गाव अजून पुढे होते. उजव्या हाताला, झाडीच्या आत, झरा असल्याचे अभयला वाटेत कोणी सांगितले होते. मी म्हणाले, तुम्ही इथे कातळावर टेका, मी पाणी उकळून आणते. तिथे वारा नाही, स्टोव्ह पटकन पेटेल. पातेले, स्टोव्ह, गॅसचा डबा, गाळणे आणि तुमची बाटली घेऊन मी एकटी आत गेले.

आत गारवा होता. भिजलेल्या पाचोळ्याचा, बुरशीचा, कसल्याशा मोहरलेल्या वेलीचा वास होता. मी स्टोव्ह डब्यावर ठेवला आणि फिरवला. तो फिरतच राहिला. स्टोव्हला आटे होते, आणि डब्याच्या तोंडाला नुसती खाच होती. एका जातीचा स्टोव्ह आणि दुसऱ्या जातीचा डबा. घरी एकदा जोडून पाहिले असते तर पाच मिनिटांत कळले असते. मी दाबून पाहिले, दोरीने आवळून पाहिले. गॅसचा घाण वास सुटला तेव्हा सोडून दिले. खिशात काडेपेटी होती. भोवती वाळक्या काटक्यांचा खच पडला होता. एक ओंजळभर काटक्या, एवढ्याने काम झाले असते. मी एक उचललीही. मग सकाळच्या बाईंचा शब्द आठवला, तुमचे जोडलेले हात आठवले, आणि होती तशी ठेवली.

यानंतर मी परत येऊन म्हणायला हवे होते, बाई, स्टोव्ह चुकला, माझे चुकले. मी ते म्हणाले नाही. मला वाटले, तुम्ही म्हणाल "असू दे", आणि काही न पिता दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत बसाल. आणि तुम्ही "असू दे" म्हणाल, हेच मला सोसणार नव्हते. मी गाळणे चार पदरी केले, झऱ्याचे पाणी गाळले, बाटली भरली. मग दगडावर बसून राहिले, पाणी उकळायला लागेल तितका वेळ.

तुम्ही बाटली हातात घेतलीत. "उकळलं?"

"हो. झऱ्यात धरून गार केलं."

तुम्ही मांडी घालून बसलात, आणि सावकाश, एकेक घोट करत पूर्ण बाटली प्यायलात. "गोड आहे," म्हणालात. मग मावळतीकडे पाहून हात जोडलेत, रात्रीचे पच्चक्खाण, म्हणजे अन्नपाणी सोडल्याचा संकल्प, घेतलेत आणि उठून चालू लागलात. गावात गेल्यावर एका घरी चूल मिळाली, दुसऱ्या दिवशीचे पाणी खरोखरच उकळले गेले. तुमच्या पोटाला काही झाले नाही. व्रताला झाले, आणि ते मला एकटीला ठाऊक होते.

त्याच बाटलीने मला तुमच्या लोकांत जागा मिळवून दिली, हे पुढचे. परत आल्यावर तुम्ही स्थानकात सांगितलेत, दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलेत, जुन्नरला माहेरी जाऊन सांगितलेत: "जंगलात, दिवस बुडायच्या आत, बिंदणीनं मला पक्कं पाणी दिलं. माझा नेम तिनं राखला." पुढच्या पर्युषणात पारण्याच्या पंगतीचे वाढप माझ्या हाती आले. कोणीतरी पळी माझ्याकडे सरकवली, एवढेच. ती पळी धरताना मला बाटलीचा गारवा हाताला लागे.

दर संवत्सरीला आपण एकमेकींपुढे हात जोडून "खमत खामणा" म्हणत होतो. जाणता-अजाणता काही चुकले असेल तर क्षमा असावी. मी ते दरवेळी म्हणाले आणि दरवेळी त्या शब्दांच्या आड उभी राहिले. गेल्या वर्षी धीर करून सुरुवात केली होती: "बाई, आहुप्याला त्या दिवशी..." तुमचा चेहरा उजळला. "किती गोड पाणी होतं, नाही?" मी "हो" म्हणाले.

मनाची एक समजूत मात्र मी घालून घेतली होती. तुम्हाला कळले असणार. नुकत्याच उकळलेल्या पाण्याला, कितीही गार केले तरी, एक कोमट सपकपणा राहतो. आयुष्यभर तेच प्यायलेल्या जिभेला झऱ्याचे पाणी ओळखता येणार नाही? पातेले आतून कोरडे होते, माझ्या हातांना गॅसचा वास होता आणि बाटली बर्फासारखी होती. तुम्हाला कळले, आणि तुम्ही मला सांभाळून घेतलेत. सगळीकडे सांगत फिरलात तेही मला सावरायलाच. असे मानले की मला झोप लागे.

परवा, खाखरे करपल्यानंतर, मी माळ्यावरून तुमची ती पिशवी काढली. कोणाला तरी द्यावी, असा विचार होता. बाजूच्या कप्प्यात बोटभर लांबीची एक पुडी निघाली, दुकानाच्या तपकिरी कागदाची, दोऱ्याने बांधलेली. गाठ तुमची होती आणि ती कधी सुटलेली नव्हती. सोडली तर आत चाळलेली राख.

अभयला दाखवली. त्याने चिमूटभर राख बोटांत चोळून पाहिली. "पाण्यासाठी," म्हणाला. "चूल नसली की गाळलेल्या पाण्यात ही राख मिसळायची, थोडा वेळ थांबायचं, वरचं निवळ घ्यायचं. ते पक्कंच धरतात. विहारात बाई कायम जवळ ठेवायची."

"मला कधी सांगितलं नाही."

"निघताना मी म्हटलं होतं तिला, सांग म्हणून. ती म्हणाली, नको. तिच्या स्टोव्हवर माझा भरोसा नाही असं वाटेल तिला."

तर हा त्या मिटलेल्या तोंडाचा अर्थ होता. चिमूटभर राख तुमच्या पिशवीत होती आणि तुम्ही माझ्यापासून वीस पावलांवर बसला होता. पाण्याबद्दल तुम्हाला तिळभर शंका आली असती, तर तुम्ही ती पुडी सोडली असती. चुपचाप, पाठ वळवून, मला न दुखवता. नेमापुढे तुम्ही कोणाचाच मुलाहिजा ठेवत नव्हता, माझाही ठेवला नसता. गाठ तशीच आहे. म्हणजे तुम्हाला कळले नव्हते. माझी समजूत गेली, बाई. तुम्ही मला क्षमा केली नव्हती, कारण क्षमा करायचे काही आहे हेच तुम्हाला माहीत नव्हते. तुम्ही फक्त विश्वास ठेवला होता. जीभ काय सांगत होती यापेक्षा मी काय सांगत होते ते तुम्ही खरे धरलेत. इतके कोणी माझे खरे धरलेले नाही, आणि मी ते खोटे बोलून मिळवले.

काल मी लोणीला गेले. तात्या मेंढरांच्या वाडग्याच्या फाटकाशी एका कोकराच्या खुरात रुतलेला काटा काढत होते. तुम्हाला सांगायचे ते मी त्यांना सांगितले, पहिल्यापासून. स्टोव्ह, झरा, बाटली, पळी, संवत्सरी, पुडी. हे सारे मी प्रथमच कोणापुढे बोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"स्टोव पेटंना, त्ये इहीणबाईस्नी सांगितलं न्हाईस?"

"नाही."

"आन् राख हाय, त्ये त्यांनीबी न्हाई सांगितलं तुला?"

"नाही. मला वाईट वाटेल म्हणून."

काटा निघाला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, बाजूला टाकला आणि कोकरू सोडून दिले. मी बोलतच राहिले: त्या घरात मी कशी आले होते, प्रत्येक गोष्ट कशी पाहून पाहून शिकले, तुमच्यापुढे अडाणी ठरायची मला किती भीती होती, तुम्ही मला जपत होता आणि मी तुम्हाला, आणि दोघींच्या या जपण्यात तुमचा नेम कसा मोडला. माझे बोलून संपेपर्यंत तात्या थांबले. मग धोतराला हात पुसत, माझ्याकडे न पाहता, म्हणाले,

"इचारायचं."